कोपरा आधी की चढाई? : प्रो कबड्डीतील खेळाडूंची निवड आणि प्रेक्षकांचा वाद

प्रस्तावना

मालगुंड हे गाव मराठी वाचकाला केशवसुतांचे जन्मगाव म्हणून परिचित आहे. गणपतीपुळ्याला लागून असलेल्या या गावात आणि एकूणच रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीत कबड्डी हा खेळ साहित्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक खोलवर रुजलेला आहे. भातकापणी उरकली की शेतमळे मोकळे होतात, मैदानाच्या रेषा आखल्या जातात आणि शिमग्यापर्यंत रात्रीच्या उजेडातील स्पर्धांचा क्रम चालतो. या स्पर्धांचा प्रेक्षक केवळ टाळ्या वाजवणारा नसतो. कोणता मुलगा कोपऱ्यात उभा करावा, कोणाला मध्ये आणावे, चढाईला प्रथम कोणी जावे, यावर त्याचे निश्चित मत असते आणि ते मत तो संघनायकाला ऐकू जाईल अशा आवाजात व्यक्त करतो.

26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या मताला एक नवे क्षेत्र मिळाले. पूर्वी संघ गावाचा किंवा मंडळाचा असे. जे खेळाडू उपलब्ध असत त्यांनाच जागा वाटून द्याव्या लागत. आता संघ विकत घेऊन उभा करावयाचा असल्याने 'कोणाला कोठे उभे करावे' या प्रश्नाआधी 'कोणत्या जागेसाठी प्रथम पैसा खर्च करावा' हा प्रश्न आला. 2025 चा लिलाव 31 मे व 1 जून या दोन दिवशी मुंबईत झाला. कोकणात तो काळ आंब्याचा हंगाम आवरण्याचा आणि पेरणीच्या तयारीचा. हंगामाची सुरुवात 29 ऑगस्टला, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर दोनच दिवसांनी झाली. लिलावात सुरू झालेला वाद आरतीनंतरच्या गप्पांपर्यंत पोहोचावा अशीच ही तारखांची जुळणी होती.

यू मुंबा किंवा पुणेरी पलटण यांच्या पाठीराख्यांमधील हा वाद वरवर पाहता करमणुकीचा वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी मर्यादित साधनांचे वाटप, मूल्य व किंमत यांतील फरक आणि परस्परावलंबन हे अर्थशास्त्रातील गंभीर प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात या वादाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पाळी आणि पैसा

खेळाडू वाटून घेण्याच्या दोन पद्धती जगभर रूढ आहेत. पहिली ड्राफ्टची. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये ती 1936 साली सुरू झाली. फिलाडेल्फिया ईगल्सचे बर्ट बेल यांनी ती सुचविली होती. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाने प्रथम खेळाडू निवडावा, विजेत्याने शेवटी, असा तिचा क्रम. दुर्बळ संघांना बळ मिळावे हा हेतू. त्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडला गेलेला जे बरवँगर हा व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. निवडीचा पहिला हक्क आणि निवडीचा लाभ या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे हे प्रारंभीचेच उदाहरण होय.

दुसरी पद्धत लिलावाची. येथे पाळी नसते. प्रत्येक संघ प्रत्येक खेळाडूवर बोली लावू शकतो, मात्र तिजोरी सर्वांची सारखी आणि मर्यादित असते. प्रो कबड्डीत 2023 च्या लिलावापासून ही मर्यादा प्रत्येक संघास 5 कोटी रुपये अशी आहे आणि तेवढ्यात 18 ते 25 खेळाडूंचा संघ बसवावा लागतो. खेळाडूंचे चार वर्ग असून त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे 30, 20, 13 व 9 लाख रुपये आहेत. संघाला आपले काही खेळाडू राखता येतात, आणि सोडलेल्या खेळाडूवरील अंतिम बोलीची बरोबरी करून त्याला परत घेण्याचीही तरतूद आहे.

महाराष्ट्राच्या मातीतील दुसऱ्या खेळाने, खो-खोने, 2022 मध्ये पहिली पद्धत स्वीकारली. अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामासाठी खेळाडूंची निवड लिलावाने न होता ड्राफ्टने झाली. मोबदला वर्गानुसार आधीच ठरलेला असल्याने संघांपुढे प्रश्न उरला तो फक्त क्रमाचा : आधी आक्रमक घ्यावा, संरक्षक घ्यावा की अष्टपैलू? पुण्यातील बालेवाडीत झालेल्या त्या स्पर्धेचा अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजविरुद्ध 46-45 असा जिंकला. एका गुणाचे हे अंतर पाहता ड्राफ्टमधील कोणती निवड निर्णायक ठरली हे सांगणे अवघडच आहे.

ड्राफ्टमध्ये पाळी दुर्मीळ असते, लिलावात पैसा. परंतु प्रेक्षकाचा प्रश्न दोहोंत एकच राहतो. उपलब्धांपैकी सर्वोत्तम खेळाडू घ्यावा, मग तो कोणत्याही जागेचा असो; की आपल्या संघात जी जागा रिकामी आहे ती प्रथम भरावी? अमेरिकेतील फुटबॉलप्रेमी हा वाद दरवर्षी घालतात. आपल्याकडे त्याला 'रेडर की डिफेंडर' असे सुटसुटीत रूप आले आहे. त्यातील 'डिफेंडर' या शब्दात दोन अगदी भिन्न प्रकारची कामे एकत्र कोंबली जातात, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही.

मैदानातील सात जागा

सात खेळाडूंची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली असता डावा कोपरा, लेफ्ट इन, डावे कव्हर, मध्य, उजवे कव्हर, राइट इन आणि उजवा कोपरा असा क्रम लागतो. 'इन' व मध्य या जागी बहुधा चढाईपटूच उभे असतात. पकडीचा खरा भार दोन कोपरे आणि दोन कव्हर अशा चौघांवर पडतो.

कोपऱ्याचे काम आरंभाचे आहे. चढाईपटूचा पाय आत आला की घोट्याला किंवा मांडीला विळखा घालणारा पहिला खेळाडू बहुधा कोपऱ्यातला असतो. त्याची चूक तत्काळ गुणात रूपांतरित होते, कारण झेप फसली की तो स्वतः बाद होतो. कव्हरचे काम पूर्ततेचे आहे. कोपऱ्याने पाय धरला, पण चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो आहे, अशा क्षणी त्याची वाट अडविणारा किंवा त्याला धडक देऊन मैदानाबाहेर नेणारा तो कव्हर. कोपरा आणि कव्हर यांची जोडी जमण्यास अनेक सामने, कधी कधी अनेक हंगाम लागतात. गावच्या संघात ही जोडी भावाभावांची किंवा शाळेपासूनच्या सवंगड्यांची असे, त्यामुळे ती आपोआप जमलेली असे. लिलाव नेमकी हीच जोडी फोडतो.

येथे गुणनोंदीचा एक प्रश्न उद्भवतो. चढाईपटूचा गुण निर्विवादपणे त्याचा असतो. तो एकटा जातो, एकटा स्पर्श करतो, एकटा परततो. पकड मात्र सामूहिक असते, तरी तिचा गुण तक्त्यात एकाच खेळाडूच्या नावावर जमा होतो. साखळीतील दुसऱ्या हाताची नोंद राहत नाही. ज्याची नोंद होते त्याला किंमत येते, ज्याची होत नाही तो स्वस्तात मिळतो. महाविद्यालयीन प्राध्यापकांना हे तत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. कव्हर या जागेचे मूल्य आणि तिची बाजारातील किंमत यांतील तफावतीचे हे एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

चढाईचे परावलंबन

चढाईपटूला प्रथम पसंती द्यावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. एका चढाईत एकापेक्षा अधिक गुण मिळू शकतात, पकडीला सामान्यतः एकच गुण मिळतो. समोर सहा किंवा अधिक संरक्षक असल्यास बोनसचा मार्ग खुला असतो, तोही चढाईपटूलाच. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. तेव्हा दडपण पेलणारा एक तरी चढाईपटू हवा. हा युक्तिवाद चुकीचा नाही, मात्र तो अपुरा आहे.

कबड्डीतील बाद झालेला खेळाडू क्रिकेटप्रमाणे डावासाठी बाद होत नाही. प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक गडी मैदानात परत येतो. प्रमुख चढाईपटू पकडला गेल्यावर तो किती काळ बाहेर बसणार, हे त्याच्या हातात नसून मैदानात उरलेल्या सहा जणांच्या, विशेषतः पकड करणाऱ्यांच्या हातात असते. चढाया आळीपाळीने होतात आणि एका चढाईस 30 सेकंद असतात. संरक्षण दुबळे असेल तर कोट्यवधींचा चढाईपटू चार-पाच मिनिटे बाकावर बसून राहतो, तेवढ्यात गडी कमी होत जातात आणि अखेरीस लोण चढतो. चांगला कोपरा केवळ स्वतःचा एक गुण मिळवत नाही. तो आपल्या चढाईपटूला मैदानात परत आणतो आणि त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याचा चढाईपटू बाहेर बसवतो. गडी तीन किंवा कमी उरले असता केलेली पकड अव्वल ठरून एक अधिक गुण देते, हा आणखी एक लाभ. अशा रीतीने चढाईपटूच्या प्रत्येक गुणामागे संरक्षणाचा अदृश्य वाटा असतो. 'रेडर की डिफेंडर' हा प्रश्न दोन स्वतंत्र वस्तूंमधील निवडीचा नाही, एकीची उपयुक्तता दुसरीवर अवलंबून असलेल्या दोन वस्तूंचा आहे.

लिलावाचा इतिहास काय सांगतो

2014 च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेशकुमार यांच्यावर, 12.80 लाख रुपयांची, लागली होती. चार वर्षांत चित्र पालटले. 2018 मध्ये हरयाणा स्टीलर्सने चढाईपटू मोनू गोयतसाठी 1.51 कोटी मोजले. त्याच लिलावात यू मुंबाने फझल अत्राचली या इराणी डाव्या कोपऱ्यासाठी 1 कोटी दिले. एका कोपऱ्यासाठी कोटी, ही त्या वेळी अनेकांना उधळपट्टी वाटली होती.

त्याच लिलावात यू मुंबाने सिद्धार्थ देसाईला 36.4 लाखांत घेतले. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा हा धिप्पाड चढाईपटू त्या हंगामात दोनशेहून अधिक गुण मिळवून गेला. 2019 मध्ये यू मुंबाने फझलला राखले आणि सिद्धार्थला सोडले. तेलुगू टायटन्सने त्याला 1.45 कोटींना घेतले. मराठी प्रेक्षकांत तेव्हा मोठी नाराजी होती. आपला मुलगा सोडून परदेशी कोपरा राखला, हा त्या नाराजीचा गाभा. हंगाम संपला तेव्हा सिद्धार्थने पुन्हा दोनशेचा टप्पा ओलांडला होता, तरीही टायटन्स बारा संघांत अकरावे होते. यू मुंबा उपांत्य फेरीत बंगाल वॉरियर्सकडून 35-37 असे हरले. बंगालने पुढे विजेतेपद मिळविले. सिद्धार्थच्या कामगिरीत उणे काढण्यासारखे काहीच नव्हते. उणीव होती ती त्याला मैदानात परत आणणाऱ्यांची.

पाटणा पायरेट्सचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी साक्ष देते. 2017 च्या हंगामात परदीप नरवालने चढाईचे 369 गुण मिळविले आणि पाटण्याने अंतिम सामन्यात गुजरातला 55-38 असे नमविले. चढाईचा पक्ष घेणाऱ्यांना याहून मोठा पुरावा नको. परंतु 2019 मध्ये त्याच परदीपने 302 गुण मिळविले आणि पाटणा आठव्या स्थानी राहिले. पुढच्या लिलावापूर्वी पाटण्याने त्याला सोडले, यूपी योद्धाने 2021 मध्ये त्याला 1.65 कोटींना घेतले. पाटण्याने नव्या हंगामात संरक्षणावर भर दिला. मोहम्मदरेझा शादलुई हा तरुण इराणी डावा कोपरा पकडीचे 89 गुण मिळवून सर्वोत्तम संरक्षक ठरला, पाटणा साखळीत अव्वल आले आणि उपांत्य सामन्यात त्यांनी परदीपच्याच यूपी संघाला 38-27 असे हरविले. अंतिम सामना मात्र ते दबंग दिल्लीकडून 36-37 असे एका गुणाने हरले. नाण्याची दुसरी बाजू दडवून ठेवण्याचे कारण नाही. त्या दिल्ली संघाचा कणा नवीनकुमार हा चढाईपटूच होता.

2022 मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 26.5 लाख मोजले. तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला आणि हंगामाला मुकला. संघ तरीही तरुण चढाईपटू नरेंदर आणि साहिल गुलिया, सागर राठी या दोन कोपऱ्यांच्या बळावर उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढच्या वर्षी पवनची किंमत तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60.5 लाखांवर नेली. पाच कोटींच्या तिजोरीतील हा 52 टक्के हिस्सा होय. पवनने आपले काम केले, त्याचे गुण दोनशेच्या वर गेले. टायटन्सने 22 पैकी 2 सामने जिंकले आणि ते तळाला राहिले.

पुण्याची रीत

त्याच 2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने शादलुईसाठी 2.35 कोटी रुपये दिले. हाही तिजोरीचा 47 टक्के भाग होता. केवळ रकमांची तुलना केली तर पुण्याने टायटन्सहून फार वेगळे काही केले नाही. एकाच खेळाडूवर जवळजवळ निम्मा खर्च दोघांनीही केला. तरीही पुण्याने साखळीतील 22 पैकी 17 सामने जिंकले, केवळ 2 गमावले, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबाद येथे हरयाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळविले. शादलुईने हंगामात पकडीचे 99 गुण मिळविले.

फरक उरलेल्या पैशात काय मिळाले यात होता. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे चढाईपटू 2021-22 च्या हंगामात नवोदित म्हणून पलटणमध्ये आले होते. आकाश शिंदे, पंकज मोहिते यांच्यासारखे महाराष्ट्राचे चढाईपटूही संघात वाढत होते. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेला अस्लम 2023-24 मध्ये संघनायक होता. म्हणजे पुण्याकडे चढाईपटू होते आणि ते महाग नव्हते. जे घरी घडविता येते ते घडवावे आणि जे घडविण्यास दीर्घ काळ लागतो ते विकत घ्यावे, असे या रीतीचे वर्णन करता येईल. 2022 मध्येही पुण्याने हेच केले होते. फझलसाठी 1.38 कोटी देऊन त्यांनी डावा कोपरा घेतला आणि अंतिम फेरी गाठली. तेथे जयपूर पिंक पँथर्सने त्यांना 33-29 असे हरविले. जयपूरकडे अर्जुन देशवाल हा अव्वल चढाईपटू होता, आणि पकडीचे 89 गुण मिळविणारा डावा कोपरा अंकुशही होता.

2024 च्या लिलावात शादलुई 2.07 कोटींना हरयाणा स्टीलर्सकडे गेला. हरयाणाकडे जयदीप दहिया व मोहित नांदल हे दोन कव्हर आणि राहुल सेठपाल हा उजवा कोपरा आदल्या हंगामापासून एकत्र खेळत होते. चारांपैकी तीन जागा जमलेल्या, एक रिकामी. त्या एका जागेवर खर्च झाला. 29 डिसेंबर 2024 रोजी बालेवाडीत त्यांनी पाटण्याला 32-23 असे हरविले. ज्या पाटण्याच्या देवांक दलालने त्या हंगामात चढाईचे 301 गुण मिळविले होते, त्या संघाला अंतिम सामन्यात 23 गुणांवर थोपविण्यात आले. जाणकार प्रेक्षक शादलुईचे नाव घेतात. वस्तुतः आधीपासून जमलेल्या त्या तिघांचे नाव त्याच्याआधी घ्यावयास हवे. 2025 मध्ये शादलुईला गुजरात जायंट्सने 2.23 कोटी देऊन घेतले, परंतु विजेतेपद त्यांच्याकडे आले नाही. कोपरा विकत घेता येतो, त्याच्या शेजारचे कव्हर त्याच्याबरोबर येत नाही.

अंतिम सामन्यांतील पराभूत संघांचे गुण 2022 पासून क्रमाने 29, 25, 23 आणि 28 असे आहेत. 2017 मध्ये पराभूत गुजरातने 38 गुण मिळविले होते. चार सामन्यांवरून नियम सिद्ध होत नाही, हे कोणीही संख्याशास्त्राचा शिक्षक सांगेल. पण अखेरच्या सामन्यात गुणांची उधळण होत नाही, हे प्रेक्षकाचे निरीक्षण निराधार नाही.

किंमत का फुगते

1971 साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी एक विलक्षण निरीक्षण मांडले. वस्तूचे खरे मूल्य कोणालाच नक्की ठाऊक नसेल, तर लिलाव जिंकणारा बहुधा तोच असतो ज्याचा अंदाज सर्वांत अधिक चुकलेला असतो. यालाच विजेत्याचा शाप म्हटले जाते. पुढे केड मॅसी व रिचर्ड थेलर यांनी अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत आधी निवडण्याच्या हक्कासाठी संघ वाजवीपेक्षा फार मोठी किंमत मोजतात आणि खर्चाच्या मानाने अधिक लाभ थोड्या उशिराच्या निवडींतून होतो, असे त्यांना आढळले. कबड्डीच्या लिलावाला हे जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण येथे पाळीच नाही. पण विजेत्याचा शाप येथे लागू पडतो, आणि तो चढाईपटूवर अधिक पडतो. त्याचे गुण सर्वांना दिसतात, तो दूरदर्शनच्या पडद्यावर एकटा असतो, जाहिरातीतही तोच असतो. बोली लावणाऱ्या सर्वांची नजर एकाच आकड्यावर खिळलेली असते.

याचा एक पुरावा लीगच्या बाहेरचा आहे. 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचा पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून 18-27 असा हरला. लीगमधील नामवंत चढाईपटू असूनही भारताला 18 गुणांवर रोखण्यात आले. फझल त्याच इराणी संघात होता. लीगमधील सर्वांत महागडे दोन कोपरे इराणचे असावेत, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. कुस्तीची दीर्घ परंपरा असलेल्या त्या देशातून पकड शिकून आलेले खेळाडू येथे येतात आणि ज्या महाराष्ट्राने हुतूतूला नियमबद्ध रूप देण्यात पुढाकार घेतला, तेथील संघ त्यांच्यासाठी तिजोरी रिकामी करतात.

गावच्या मैदानावरील परिणाम

हा वाद केवळ दूरदर्शनसमोरचा राहत नाही, तो मैदानावर उतरतो. कोकणातील मंडळांच्या संघांत आता वाढत्या वयाच्या मुलांची पहिली ओढ चढाईकडे असल्याचे सहज दिसते. सर्वाधिक बोलीचे आकडे त्यांनी पाहिलेले असतात आणि ते बहुतेक चढाईपटूंचे असतात. कोपऱ्यात उभे राहणे म्हणजे संधी नाकारली जाणे, अशी समजूत होते. वास्तविक सर्वांत खालच्या वर्गाची मूळ किंमतही 9 लाख रुपये आहे आणि त्या वर्गातून संघात शिरण्यासाठी चढाईपटूंची गर्दी मोठी असते. चांगल्या कोपऱ्याची व कव्हरची गर्दी तितकी नसते. शिवाय येथे लाल मातीवरच पकड शिकवली जाते, घोट्याचे कसब अंगात मुरण्यास जो वेळ द्यावा लागतो तो शाळा-मंडळांच्या संघातच मिळू शकतो. व्यावसायिक संघ तो देत नाहीत, ते तयार खेळाडू विकत घेतात.

रत्नागिरी जिल्ह्यापुरता याचा दाखला जवळच आहे. चिपळूण तालुक्यातील कोळकेवाडीचा शुभम शिंदे प्रो कबड्डीत पोहोचला तो उजवा कोपरा म्हणून. पुणे, बंगाल आणि पाटणा अशा संघांतून तो खेळला. जिल्ह्यातील मुलांनी त्याच्याकडे पाहून चढाई सोडावी असे सुचवायचे नाही. परंतु प्रशिक्षकाने एखाद्या मुलाला कोपऱ्यात उभे केले म्हणजे त्याला मागे ठेवले असे होत नाही, एवढे तरी या उदाहरणावरून पालकांना पटावे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अद्याप उपस्थितही झालेला नाही. 2016 मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, तीत स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला 24-23 असे हरविले आणि महाराष्ट्राची अभिलाषा म्हात्रे आइस दिवाजची संघनायिका होती. प्रो कबड्डीच्या व्यासपीठावर तो प्रयोग पुढच्या हंगामांत चालू राहिला नाही. मुलींच्या संघांत कोणाला कोपऱ्यात उभे करावयाचे हे आजही केवळ खेळाच्या गरजेवरून ठरते, बाजारभाव त्यात येत नाही. हा लाभ मानावा की उपेक्षा, यावर मतभेद होऊ शकतात. ज्या मुलीने सहा-सात वर्षे पकड घोटली आहे तिला हा लाभ वाटण्याची शक्यता कमी.

31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून 28-31 असे हरले. दिल्लीच्या संघात डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली होता, ज्याच्या नावावर लीगमध्ये पकडीचे पाचशेहून अधिक गुण जमा झाले आहेत आणि ज्याला पुण्याने 2022 च्या हंगामानंतर सोडले होते. तीन गुणांच्या या पराभवाचा अर्थ पुण्याचे पाठीराखे दोन प्रकारे लावतात. एक गट म्हणतो की, आता एक मोठा चढाईपटू घ्यावाच लागेल, 28 गुणांत अंतिम सामना दर वेळी जिंकता येत नाही. दुसरा गट आठवण करून देतो की, 2024 मध्ये नेमक्या 28 गुणांतच पुण्याने विजेतेपद मिळविले होते.